हात दाखवा, आगगाडी थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेडणे तालुक्यातल्या संध्याकाळच्या बसबद्दल तुमच्याकडं अधूनमधून पत्रं येतात. मीही मागं एक लिहिलं होतं, तुम्ही ते अर्धं कापून छापलंत, त्याचा रुसवा नाही, पण या खेपेला जरा जागा द्या कारण बसचीच गोष्ट सांगायला मला वेल्सवरून फिरून यावं लागणार आहे.

मी केरीचा. सत्तरीतलं केरी नव्हे, तेरेखोल नदीच्या तोंडावरचं आमचं पेडण्यातलं केरी. पणजीला एका ऑफिसात ३१ वर्षं कारकुनी केली आणि ३१ वर्षं रोज रात्री घरी जेवायला आलो, पणजीत खोली कधी घेतली नाही. चोपड्याचा पूल व्हायच्या आधी सकाळी बसनं चोपडे, तिथून तरीच्या होडीतून शिवोली, परत बस, म्हापसा, तिथं कंडक्टरचं पणजे पणजे पणजे, तेव्हा कुठं ऑफिस. मुलगा आता विचारतो, बाबा तुम्ही कसं केलंत हो हे सगळं, तर खरं सांगायचं तर मलाच आठवत नाही, त्या वर्षांतलं जेवणाचा डबा आणि छत्री सोडून काही लख्ख डोळ्यांसमोर येत नाही.

हा मुलगा सध्या वेल्समध्ये स्वान्सी शहरात नोकरीला आहे. आम्ही पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांतले नव्हे, सून नर्स म्हणून तिकडं गेली आणि तिच्या मागनं हा गेला. सुनेचं हॉस्पिटल कारमार्थनला, ह्याचं ऑफिस स्वान्सीला, म्हणून दोघांनी मधलं एक खाडीकाठचं गाव बघून घर भाड्यानं घेतलं. २०२४ ची चवथ आटपली, गणपती पोचवले आणि बायको नि मी मोपाच्या विमानतळावरून मुंबई, मुंबईवरून लंडन असे गेलो. लंडनहून जाणारी आगगाडी सेव्हर्न नदीच्या खालून जाते, १८८६ सालचा बोगदा, सात किलोमीटर लांब, आणि २०२४ च्याच जुलैत आमच्या पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या अडकल्या होत्या ते डोक्यात ताजं, म्हणून मी अख्खा बोगदा सरेपर्यंत खिडकीतून काळोखाकडं बघत बसलो होतो. बायको म्हणाली, काय मोजताय?

गावाचं नाव फेरीसाइड. वेल्श भाषेत ग्लानिफेरी, दोन्हीचा अर्थ एकच, तरीकाठ. टावी नदी जिथं समुद्राला मिळते तिथं हे गाव. ही टावी पूर्ण वेल्सच्या हद्दीतून वाहणारी सगळ्यात लांब नदी. आणि पहिल्या सकाळी मी बाहेर आलो तर समोर नदीचं रुंद तोंड, वाळू, आणि पलीकडच्या काठावर टेकडीवर किल्ला! बायकोला हाक मारली, म्हटलं अगो बाहेर ये, तेरेखोल इथं आणून ठेवलाय. तो लानस्टेफनचा किल्ला, नॉर्मन लोकांच्या वेळचा, आता नुसत्या भिंती. आमच्या केरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की तेरेखोल जसा दिसतो अगदी तसा, फक्त तिथं माड नाहीत आणि थंडीनं नाक गळत असतं.

फेरीबोटसुद्धा आहे बघा. जुनी फेरी बंद पडून कित्येक वर्षं झालेली, ती २०१८ मध्ये परत सुरू झाली. नवी बोट मजेशीर आहे, पाण्यात बोट आणि काठाला आली की खालची चाकं टेकून सरळ वाळूवर चढते, कारण भरती-ओहोटीचा फरक तिथं सात-आठ मीटर असतो, मग धक्का बांधायचा तरी कुठं. आपल्याकडं दोनेक मीटरचा फरक, त्यात आमचे होडीवाले ओहोटीला कुरकुरतात. आम्ही सप्टेंबर सरायच्या आत एकदा जाऊन आलो. हिवाळ्यात बोट बंद, मग पलीकडं जायचं तर कारमार्थनवरून सगळा वळसा, जसं केरीची फेरी बंद असली की आम्ही किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून जातो तसंच.

आता मुद्द्यावर येतो, गाडीच्या.

या गावात गाव आणि समुद्र यांच्या मधून रेल्वे जाते. १८५२ सालापासून. वाळूवर जायचं तर फाटक ओलांडून जावं लागतं. स्टेशन म्हणजे दोन फलाट, एक आडोसा, एवढंच. तिकीटबारी नाही, चहावाला नाही, वडापाव तर सोडाच. पहिल्यांदा स्वान्सीला जायला मुलाबरोबर फलाटावर उभा होतो, गाडी लांबून येताना दिसली, तसा हा उजवा हात लांब करून उभा राहिला. मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, मेल्या, ही काय म्हापशाची बस आहे? म्हणाला, बाबा, हात दाखवला नाही तर ती थांबणार नाही. आणि खरंच, गाडी हळू झाली, थांबली, दार उघडलं, आम्ही चढलो. पलीकडं सिंधुदुर्गात एसटीची एके काळी हात दाखवा गाडी थांबवा अशी योजना होती, आमच्या सीमेवरच्या लोकांना ती चांगली माहितीय, पण अख्खी आगगाडी, रुळावरची, माझ्यासारख्या कानटोपीवाल्या म्हाताऱ्याच्या हातानं थांबते हे मी ६६ व्या वर्षी पहिल्यांदा बघितलं.

असल्या स्टेशनाला टाइमटेबलात एक खूण असते. चढायचं असेल तर ड्रायव्हरला दिसेल असा हात करायचा, उतरायचं असेल तर गार्डाला आधी सांगायचं. हे दुसरं मी विसरलो. एकदा स्वान्सीहून एकटाच येत होतो, किडवेलीचा किल्ला गेला, खाडी दिसायला लागली, गाव आलं, आमच्या घराचं छप्परसुद्धा दिसलं आणि गाडी तशीच पुढं गेली की हो! चूक माझीच. कारमार्थनला उतरलो, सुनेला फोन केला, ती ड्युटीवर, म्हणाली बाबा कॉफी घ्या आणि परतीच्या गाडीत बसा, यावेळी गार्डाला सांगा. परतीची गाडी सव्वा तासानं. तिथं गाड्या काही भराभर नाहीत, कधी तासानं कधी दोन तासांनी. पण ज्या आहेत त्या लिहिलेल्या वेळेच्या आसपास येतात आणि रात्रीसुद्धा येतात, हे महत्त्वाचं.

सकाळच्या गाडीचं सांगतो कारण मी मुद्दाम चार-पाचदा मुलाला सोडायला गेलो, सवय हो, सकाळी बस पकडल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही. फलाटावर किती माणसं असतील? सात. आठ. एखाद्या दिवशी पाच. कारमार्थन दहा-बारा मिनिटांवर, स्वान्सी पाऊण तासाच्या आत. कुणी शाळेत शिकवणारी, कुणी ऑफिसातला, एक कॉलेजचा पोरगा कायम शेवटच्या मिनिटाला पळत येणारा. नऊ वाजले की सगळे पांगलेले. मग गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि त्यांची कुत्री, आणि आम्ही दोघं.

उगाच स्वर्ग म्हणून रंगवत नाही. दिवसा ते गाव फार सुनं असतं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू नाही, मासळीवाली नाही, देवळातली घंटा नाही, कुणाच्या अंगणात कुणी वाकून विचारत नाही की काय केलंय आज हुमण. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं करतात आणि मग डिसेंबरात दुपारी चारनंतर सरळ काळोख. पाऊस आपल्यासारखा धो धो नाही, चिरचिर, दिवसेंदिवस. बायको तिसऱ्या आठवड्यात रडायला आली, म्हणाली इथं माणसं मरतात तरी कळतं का शेजाऱ्याला. कळतं. पण ते कळायला आम्हाला वेळ लागला.

शेजारी एक विधवा बाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या, घरात वेल्श बोलतात, आमच्याशी इंग्रजी. त्यांनी कळल्याबरोबर की आम्ही समुद्रावरची माणसं, आम्हाला कॉकल्सबद्दल सांगितलं. कॉकल म्हणजे आपल्या खुब्यांच्या जातीचा, शिंपल्यावर उभ्या रेघा. वरच्या टेकडीवर लानसेंट म्हणून गाव आहे, तिथल्या बायका ओहोटी बघून खाली वाळूवर यायच्या, वाकून वाकून कॉकल वेचायच्या, आणि ओझी घेऊन बाजाराला जायच्या. ह्या बाईंची आजी त्यांतलीच. पलीकडं पेनक्लॉडकडं तर बायका गाढवं घेऊन जायच्या. बायको ऐकता ऐकता उठून उभी राहिली, म्हणाली, आमची मावशी शापोऱ्याच्या खाडीत तिसऱ्या काढायची, कमरेएवढ्या पाण्यात! मग दुसऱ्या दिवशी कारमार्थनच्या मार्केटातून कॉकल आणले, तिकडं ते शिजवून सोललेलेच मिळतात, लोक त्यावर व्हिनेगर शिंपडून खातात किंवा लेव्हरब्रेड म्हणून समुद्रातल्या शेवाळाचा एक काळा लगदा असतो त्याबरोबर सकाळी नाश्त्याला. बायकोनं फ्रोझन खोबऱ्याचं सुकं केलं. शिंपला नसला की रस लागत नाही ही तिची तक्रार कायम राहिली. पण बाईंना वाटीभर दिलं तर वाटी चाटून परत आली, आणि त्या दिवसापासून आमचं येणं-जाणं.

या बाईंकडनंच मला गावाचा खरा हिशेब कळला. बाई गाडी चालवत नाहीत, डोळे गेले. वेल्समध्ये साठीनंतर बसचा पास फुकट आहे, पण त्या म्हणतात फुकट पास घेऊन काय करू, बसच थोड्या. डॉक्टर, बँक, मुलीचं घर, सगळं त्या आगगाडीवर. म्हणाल्या, ही गाडी थांबायची बंद झाली तर मी सहा महिन्यांत हे घर विकून मुलीच्या शहरात जाईन, आणि माझं घर घेईल कोण, तर सुट्टीला येणारा. असं नुसतं बोलणं नव्हे, त्यांनी बघितलंय. १९६३ साली ब्रिटनमध्ये बीचिंग साहेबाचा रिपोर्ट आला, हजारो छोटी स्टेशनं तोट्यात म्हणून बंद करायची शिफारस. कारमार्थनहून वर अबरिस्टविथला जाणारी अख्खी लाइन १९६५ मध्ये माणसांसाठी बंद झाली. आजही कारमार्थनहून अबरिस्टविथला आगगाडीनं जायचं झालं तर आधी इंग्लंडात श्रूजबरीला जावं लागतं आणि तिथनं परत वेल्समध्ये यावं लागतं, म्हणजे केरीहून तेरेखोलला जायला बेळगाव करून या म्हटल्यासारखं. लोक अजून मागणी करताहेत, साठ वर्षं झाली, रूळ काही परत आले नाहीत. फेरीसाइडचा थांबा तेवढा वाचला, कारण गाडी तशीही तिथूनच जाणार होती, थांबायला लागतात दोन मिनिटं.

डिसेंबरच्या सहा तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी एकदम आमचे सगळ्यांचे फोन एकाच वेळी किंचाळायला लागले. मी फोन हातातून टाकलाच. वादळाचा इशारा, दाराघ नावाचं वादळ, वेल्सच्या किनाऱ्याला रेड वॉर्निंग. रात्रभर वाऱ्यानं घर हलवलं, लाइट गेली, दुसऱ्या दिवशी गाड्या बंद. आणि अशा दिवशी मुलगा सकाळी टॉर्च घेऊन बाईंकडं गेला तर तिथं आधीच तीन माणसं, एकानं गॅसची शेगडी आणलेली, एकीनं थर्मास. तीच ती फलाटावरची माणसं! रोज सकाळी सात-आठ जण एका फलाटावर थंडीत दहा मिनिटं उभे राहतात, बोलतात थोडं, पण कुणाची आई कुठं राहते, कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे हे त्यांना माहीत असतं. गावाची लाइफबोटसुद्धा गावातलेच लोक चालवतात, पगार नाही. आपापल्या कारमधून दारापासून दारापर्यंत जाणाऱ्या माणसाला शेजारच्या म्हातारीचं नाव कळायचं कुठं? मला केरीच्या बसमधलं आठवलं, खिडकीशेजारची सीट कुणाची, कुणाच्या पोटाचं ऑपरेशन, कुणाची पोर दहावीला. पूल झाला, मग स्कूटर आली, मग कार आली, आणि आता मला माझ्याच वाड्यावरच्या तीन घरांत कोण राहतं ते माहीत नाही.

भाषेचं थोडक्यात सांगतो, जास्त खोलात गेलो तर तुमच्याकडं माझ्या पत्रावर पत्रं यायला लागतील. स्टेशनाची पाटी आधी वेल्शमध्ये मग इंग्रजीत, गाडीतली घोषणा तशीच, रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत आराफ लिहिलेलं असतं म्हणजे हळू. शाळेत सोळा वर्षांपर्यंत वेल्श सगळ्यांना सक्तीची, आमची नात पेडण्याच्या आजोबाची, ती उतरताना गार्डाला डिओल्ख म्हणते, म्हणजे आभारी. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे १७.८ टक्के, या कारमार्थनच्या जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या जवळपास. आणि तरी गावोगाव लोक स्वतः मेहनत घेऊन वेल्शमध्ये महिन्याचा पेपर काढतात, पापुर ब्रो म्हणतात त्याला, अमक्याच्या घरी मुलगी झाली, तमक्याचं मेंढीचं कोकरू हरवलं अशा बातम्या. बाईंनी मला दाखवला, एक अक्षर कळलं नाही, पण पान उलटताना मला आमच्या गावच्या देवळाच्या फळ्यावरच्या नोटिसा आठवल्या.

सुट्टीच्या घरांचंही सांगायला हवं कारण ते आपल्याला लागू आहे. तिकडं २०२३ च्या एप्रिलपासून कौन्सिलांना अधिकार दिलाय, दुसरं घर म्हणून नुसतं कुलूप लावून ठेवलेलं असेल तर नेहमीच्या घरपट्टीवर ३०० टक्क्यांपर्यंत जादा. सगळ्या कौन्सिलांनी तेवढं लावलेलं नाही, कुठं कमी कुठं जास्त, आणि त्यावरनं भांडणंही चाललीत, काही म्हणतात यानं पर्यटन मरेल. तेच बोलणं, तीच भांडणं. मांद्रे, हरमल, मोरजी इथं रात्री फेरी मारा आणि किती खिडक्यांत उजेड आहे मोजा, मग बोलू.

आता घरचं. फेब्रुवारीत आलो. सामान ठेवलं, चार दिवसांनी पणजीला बँकेच्या कामाला गेलो, काम लांबलं, म्हापशाला पोचेतो सव्वासात. स्टँडवर आमच्या बाजूची बस नाही. विचारलं तर म्हणे गेली शेवटची, आणि परवापासून तीही लवकर सुटते, कारण माणसं नाहीत. माणसं का नाहीत? कारण बस नाही, म्हणून पोरांनी कर्ज काढून स्कूटर घेतल्या, आता स्कूटर आहेत म्हणून बस नाही. बसवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचंही डिझेल आहे, पण रस्ता तर तिथंच आहे आणि गाडी कुठंतरी रात्री उभी करायचीच असते ना? ती म्हापशाला उभी राहण्याऐवजी केरीला राहिली, सकाळी तिथूनच सुटली तर काय बिघडलं? जुन्या काळी तशी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर आमच्या शेजारच्याकडं जेवायचे.

पायलट, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी, विचारला तर त्यानं रात्रीचा म्हणून इतके पैसे सांगितले की मी हसलो, तोही हसला. शेवटी स्टँडच्या कोपऱ्यावर गेलो. तिथं आमच्या बाजूची माणसं उभी होती, एका कपड्याच्या दुकानातल्या दोन मुली, एक फार्मसीतला, एक सिक्युरिटीवाला ड्युटी संपवून, कॉलेजच्या क्लासची पोरं. आठ वाजता एक पिकपवाला येतो, मागं उभं राहायचं, माणशी पन्नास रुपये. रोज येतो म्हणाल्या मुली, पावसात ताडपत्री लावतो. मला वयामुळं पुढं बसवलं.

त्या दिवशी आम्ही नऊजण होतो. त्यानंतर मी मुद्दाम तीनदा त्या वेळेला जाऊन मोजलं, नऊ, अकरा, आठ. फेरीसाइडच्या सकाळच्या गाडीला याहून जास्त कधी बघितली नव्हती. कुणा बसमालकाला किंवा खात्यातल्या कुणाला हे वाचून वेळ बदलावीशी वाटली तर म्हापशाहून आठची सुटू दे, शिवोली, चोपडे, मांद्रे, हरमल, केरी. पहिले पंधरा दिवस मी स्वतः स्टँडवर उभा राहून लोकांना सांगायला तयार आहे, मला दुसरं कामही नाही. हातही आम्हीच दाखवू.

आपला,
एक निवृत्त कारकून
केरी-पेडणे